पाच नंबरचा जोड

औरंगपुऱ्यातल्या ज्या दुकानात मी बावीस वर्षं चपला-बूट विकतो, तिथं नियम एकच. आत आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं बाहेर जाता कामा नये. सात नंबर संपला असेल तर सहा काढायचा, आणि गिऱ्हाईक कळवळलं की म्हणायचं, "दोन दिवस घाला, आपोआप सैल पडतं." सहाही नसेल तर आठ काढायचा, आत एक जास्तीचा सोल सरकवायचा आणि म्हणायचं, "पायाला मोकळीक पाहिजेच की, साहेब." रेग्झिनला चामडं म्हणायचं आणि चामड्याला इंपोर्टेड. हे सगळं मी इतक्या सफाईनं करायचो की नवा सेल्समन लागला की मालक त्याला माझ्या शेजारी उभा करून म्हणायचे, "इनको देखो, इनसे सीखो." आणि मी फुगायचो. दुसऱ्याच्या पायात चुकीचा नंबर कोंबता येतो, याचा मला अभिमान होता.

गिऱ्हाईकंही काही कमी नव्हती. माणूस बूट घालतो, आरशाकडे दोन पावलं टाकतो आणि आरशात बूट बघतो. आत अंगठा दुमडलाय हे त्याला कळतं, पण बूट चकाकतोय म्हणून तो ते कळून घेत नाही. अशांना फसवायला फार अक्कल लागत नाही. माझ्याकडे तेवढीही नव्हती हे पुढं निघालं.

परवाच्या पावसाळ्यात, गणपती उठून आठ-दहा दिवस झाले असतील, माझ्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी सकाळी. आम्ही पुंडलिकनगरला राहतो. मुलगी पुण्याला नोकरीला, तिला सुट्टी मिळेना. मग बायकोच म्हणाली, "माझ्या आईला घेऊन या. ती असली की मला बरं वाटंल." सासूबाई गावाकडं एकट्याच राहतात. पैठण रस्त्याला बिडकीनच्या पुढं आत वळलं की तेरा-चौदा किलोमीटरवर त्यांचं गाव. वय अडुसष्ट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात निंदणी-खुरपणी केलेली बाई. आठ वर्षांपासून शुगर, गोळ्या सरकारी दवाखान्यातून.

त्यांच्या पायातली चप्पल मी ओळखून होतो. टाचेखाली कागदासारखी झालेली, अंगठ्याचा पट्टा तारेनं शिवलेला. ती घालून त्या हॉस्पिटलात येणार, डॉक्टर बघणार, माझ्या ओळखीचं कुणी भेटणार. बुटाच्या दुकानातला माणूस आणि त्याच्या सासूच्या पायात हे! त्यांच्या पायाची काळजी मला नव्हती, माझ्या नाकाची होती. म्हणून रविवारी निघताना मी दुकानातून एक जोड उचलला. काळी, मागून बंद असलेली बायकांची सँडल. सेलमध्ये कुणी न घेतलेला शेवटचा जोड, नंबर पाच. सासूबाईंना सहा लागतो, तोही रुंद. मी नजरेनं नंबर सांगणारा माणूस, मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी उचलला.

गावी पोचल्यावर त्यांनी जोत्यावर पाय धुऊन पुसले, तेव्हा मी डबा उघडला. त्यांनी पाय आत घालायचा प्रयत्न केला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा घातला.

"आवळतीय व्हय," त्या म्हणाल्या.

"दोन दिवस घाला, आई. सैल पडते."

तेच वाक्य, तोच सूर. गिऱ्हाईक कोण आहे हे बघायची तसदीही माझ्या जिभेनं घेतली नाही.

"तुमी म्हणताव तर आसंल," त्या म्हणाल्या. जावई पायात घालायचं काही घेऊन आला म्हणून त्यांना कौतुक होतं. शेजारणीला दाखवून आल्या.

रविवारी संध्याकाळपासून पाऊस लागला तो थांबलाच नाही. सोमवारी सकाळी आठच्या बसनं आम्ही निघणार होतो. सहा वाजताच कळलं की ओढ्यावरचा पूल मधोमध खचलाय आणि दुसऱ्या बाजूचा रस्ता पाण्याखाली गेलाय. धरणाचे दरवाजे उघडले होते. ग्रामपंचायतीचा भोंगा खालच्या घरांना वर शाळेत जायला सांगत होता. फोनला रेंज नाही. मी म्हणालो, एक दिवस थांबू, पाणी उतरेल.

सासूबाई पिशवी भरत होत्या. "माझी लेक उंद्या टेबलावर झोपणार अन् मी इथं पाणी बघत बसू?"

"आई, रस्ताच नाही."

"कॅनॉलचा बांध हाय की. लोक चालल्यात."

कॅनॉलच्या बांधानं वळसा घेत मुख्य रस्त्याला निघायचं म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर. गावातली दहा-बारा माणसं निघालीच होती. कुणाचं नातेवाईक दवाखान्यात होतं, कुणाचं घर पाण्यात गेलं होतं. आम्हीही निघालो.

आणि निघताना मी जे केलं ते आठवलं की आजही मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. सासूबाई आपल्या जुन्या चपला पायात सरकवत होत्या. मी म्हणालो, "ह्या कशाला? चिखलात घसराल. नवी बंद आहे, पाय धरून ठेवते." दारात उभं राहून मी त्यांना सँडल विकली. त्या म्हणाल्या, "मग ह्या पिशवीत टाकते." तर मी म्हणालो, "उगं ओझं कशाला?" जुनी चप्पल उंबऱ्याशी राहिली.

माझ्या पायात दुकानातलेच काळे बूट होते आणि नायलॉनचे पातळ मोजे. पायताणातला जाणकार म्हणून मी आधीच दिवाळखोर होतो, हे मला अजून कळायचं होतं.

आमच्या बरोबर एक साहेब होते. गावाशेजारी त्यांचं फार्महाऊस, गाडी पुलाच्या अलीकडं अडकलेली. घोट्याच्या वर येणारे ट्रेकिंगचे बूट, खिशाखिशांची पँट, पाठीवर भडक रंगाची सॅक. दोन वेळा हिमालयात जाऊन आल्याचं त्यांनी पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच सांगून टाकलं. कंपनीत आपत्तीच्या वेळी काय करायचं याचं ट्रेनिंग घेतलंय, हे दुसऱ्या अर्ध्यात. बाया डोक्यावर गाठोडी घेऊन चालल्या होत्या आणि हे त्यांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते. त्यांचे बूट मी बघितले. चिखल सोडला तर सोलच्या कडेवर एक ओरखडा नव्हता. हिमालयात गेले असतील, पण हे बूट घालून नक्कीच नाही. हे मला दिसलं आणि तरीही मी त्यांचं ऐकलं. का, तर त्यांचे बूट महागाचे होते. आयुष्यभर दुसऱ्यांना ज्या भूलथापेनं गंडवलं, तिच्यातच मी स्वतः अडकलो.

साहेबांनी सॅकमधून प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. "पाय ओले होता कामा नयेत. ओल्या पायालाच फोड येतात. पायाला पिशवी गुंडाळा, मग बूट घाला. एकदम सायंटिफिक आहे."

पहिली दोन वाक्यं बरोबर होती, म्हणून तिसरंही बरोबर वाटलं. मी माझ्या पायांना पिशव्या गुंडाळल्या आणि सासूबाईंच्याही. आधीच आवळणाऱ्या सँडलमध्ये आणखी एक थर. "आता पाणी शिरणार नाही, आई."

"बरं," त्या म्हणाल्या.

पहिला तासभर त्या माझ्या पुढं होत्या. बांध निसरडा होता, एका अंगाला कॅनॉलचं गढूळ पाणी फुगून वाहत होतं, दुसऱ्या अंगाला कपाशी गळ्यापर्यंत बुडालेली. प्लास्टिकमध्ये माझे पाय घामानं न्हाऊन निघाले. पाणी बाहेरून आलं नाही, आतूनच भरलं. मग उजव्या टाचेला चुरचुरायला लागलं. मी थांबायला हवं होतं. साहेब पुढून ओरडले, "थांबायचं नाही! थांबलात की बॉडी थंड पडते. वेदना डोक्यात असते." वेदना टाचेत होती. पण बायाबापड्या न थांबता चालल्यात आणि आपण काय बसायचं, म्हणून मीही दात आवळून चालत राहिलो.

तीन तासांनी कॅनॉलच्या दारापाशी पाटबंधारेवाल्यांची एक पडकी खोली लागली, तिथं सगळे टेकले. मी बूट काढला, पिशवी सोडवली. पाय उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा, सुरकुतलेला. टाचेवर पाण्यानं टम्म भरलेला फोड, मोठ्या नाण्याएवढा.

साहेब वाकून बघायला आले. त्यांना आनंदच झाला. "फोडून टाका. वरचं सगळं कातडं कापून काढा आणि हवा लागू द्या. लगेच वाळतं." खिशातून नेलकटर काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "जावाय, कातडं काढू नका," त्या म्हणाल्या. "चुलीवर भाजलं तर फोड सोलून काढताव का आपण? ते झाकण हाय वरचं."

"आई, ते हिमालयात जाऊन आलेत," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो.

आणि कुणाकुणाच्या नखांना लागलेल्या त्या नेलकटरनं मी माझ्याच टाचेचं कातडं कापून टाकलं. खालचं लाल मांस उघडं पडलं. वारा लागला तशी आग डोक्यापर्यंत गेली. साहेब म्हणाले, "बघा, आता ब्रीद करेल." मी मान डोलावली. माझ्यासारखं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत मिळालं नव्हतं.

मग विचारायचं म्हणून मी सासूबाईंना विचारलं, "तुमच्या पायाचं कसं काय?"

"मला काय नाय. दुखत नाय."

मला बरं वाटलं. एवढंच नाही, मनातल्या मनात मी म्हणालो, बघा, बसला ना जोड पायाला! सँडल काढून बघावी हे माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभर परक्यांचे पाय हातात घेणाऱ्या माणसाला घरच्या पायाकडं वाकून बघावंसं वाटलं नाही.

पुन्हा चालायला लागलो. आता मी लंगडत होतो आणि सासूबाई हळू झाल्या होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी हळू चालतायत. तासाभरानं मागून येणाऱ्या एका बाईनं हाक मारली.

"ओ पाव्हणं! म्हातारीच्या पायातून रगत येतंय, बघा तरी."

मी वळलो. सँडलच्या मागच्या काठावरून बारीक लाल ओघळ चिखलात मिसळत होता. मी त्यांना बांधावरच्या दगडावर बसवलं आणि सँडल ओढली. सहज निघाली नाही. निघाली तेव्हा पिशवीत गुलाबी पाणी साचलेलं होतं. टाचेवरचा फोड फुटून कातडं बाजूला सरकलं होतं. करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडली गेली होती आणि तिच्या कडेला दुसरा फोड, न फुटलेला, काळसर लाल. दुसऱ्या पायाची टाच नुसती लाल होती.

सासूबाई वाकून आपल्याच पायाकडं अशा बघत होत्या जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "आगं बया. कवा झालं हे?"

"दुखत नव्हतं?"

"दुखलं आसतं तर सांगितलं नसतं व्हय?"

तेव्हा मला आठवलं. वर्षापूर्वी बायको त्यांना तपासायला घेऊन गेली होती आणि घरी येऊन म्हणाली होती, शुगरमुळं आईच्या पायाची जाणीव कमी झालीय, डॉक्टरांनी टोचलेलं तिला कळलं नाही, पायाला जपायला सांगितलंय. मी तेव्हा जेवत होतो. "बरं," म्हणून मी पोळी तोडली होती. दुखत नाही म्हणणारा पाय हाच सगळ्यात घाबरण्यासारखा पाय, हे मला त्या दगडापाशी कळलं.

साहेब मागं फिरून आले, नेलकटर हातातच. "हेही कट करून टाका पटकन."

"साहेब, तुम्ही पुढं व्हा," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

सासूबाईंनी भर घातली. "ते तुमचं कात्तर तुमच्याच पायाला ठेवा."

साहेब दुखावले आणि निघून गेले. मी प्यायच्या बाटलीतलं पाणी टाचेवर ओतलं, चिखल धुतला. सरकलेलं कातडं पाण्याच्या धारेनंच हळूच जागेवर बसवलं. सासूबाईंच्या पिशवीत एक धुतलेलं सुती लुगडं होतं, त्याची पट्टी फाडली. नीट वाळवून दोन्ही पाय गुंडाळले. पण गुंडाळलेला पाय त्या सँडलमध्ये जाणार नव्हता आणि मीही तो घालू देणार नव्हतो. मग मी माझे बूट काढले. आठ नंबर. पट्ट्यांसकट त्यांचा पाय आत बसला, वर नाडी आवळली तसा हलेनासा झाला.

"जावयाचं बूट सासूनं घालावं व्हय? लोक हसतील."

"हसू द्या."

"अन् तुमी?"

"मी अनवाणी."

मागची बाई हसलीच. तिनं सासूबाईंची पिशवी आपल्या डोक्यावरच्या गाठोड्यावर ठेवली. उरलेलं अंतर तीन-चार किलोमीटर असेल, त्याला आम्हाला अडीच तास लागले. दर थोड्या वेळानं मी त्यांना बसवायचो, नाडी सोडायचो, पट्टी ओली झालीय का बघायचो, पुन्हा बांधायचो. माझ्या सोललेल्या टाचेत बांधावरची बारीक खडी रुतत होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणार नाही, चांगलंच वाटत होतं. पण ओरडायची सोय मी स्वतःच बंद करून टाकली होती.

मुख्य रस्त्याच्या कडेला एका शाळेत पुरातून आलेल्या लोकांची सोय केली होती. वर्गात सतरंज्या, व्हरांड्यात खिचडीचं पातेलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर उपकेंद्राची एक सिस्टर. चाळिशीची, रेनकोट अंगातच, घसा बसलेला. सकाळपासून ओरडत असावी. सासूबाईंना बघून म्हणाली, "जयभीम, मावशी. बसा. बूट लई भारी घातलेत."

पट्टी सोडल्यावर तिचं हसू गेलं. "शुगर हाय का?"

"हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग हे पायताण कुणी दिलं?" मी हातात धरलेल्या सँडलकडं ती बघत होती.

 सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "दुकानातली हाय."

कोणाच्या दुकानातली ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते सहन झालं नाही. "मी दिली," मी म्हणालो. "मी बुटाच्याच दुकानात कामाला आहे."

सिस्टरनं माझ्याकडं खालून वर बघितलं. अनवाणी, चिखलानं बरबटलेला. "मग तर कल्याणच," ती म्हणाली.

तिनं हात साबणानं धुतले, हातमोजे चढवले, सलाईनच्या पाण्यानं टाच धुतली. सुटलेलं कातडं काढलं नाही, तेच जखमेवर पसरून बसवलं, मलम लावलं, वर न चिकटणारी जाळी आणि पट्टी. करंगळीच्या फोडाला मात्र हात लावला नाही. "ह्याला सुई लावायची नाही. शुगरवाल्याच्या पायाला घरी कुणी टोचायचं नाही, कापायचं नाही. आजच्या आज शहरात डॉक्टरला दाखवायचं. उद्या नाही, आज. कळलं?"

"कळलं."

मग माझी टाच. "कातडं कुणी काढलं?"

मी नुसतं बोट दाखवलं. साहेब दोन बाक सोडून बसले होते, बूट काढून, पाय बादलीत. दोन्ही टाचा आणि अंगठे फोडांनी भरलेले. स्वतःच्या पायाला त्यांनी नेलकटर लावलं नव्हतं.

सिस्टरनं त्यांचे पाय बादलीतून बाहेर काढायला लावले. "आणखी मऊ करताय का कातडं?" पुसून वाळवले. लहान फोडांना नुसती गादी करून पट्टी लावली. टाचेवरचा मोठा, चालूच देत नव्हता तो, तेवढा पाकिटातली नवी सुई काढून कडेला खालच्या बाजूनं टोचला, गॉजनं हळूच दाबून पाणी काढलं, वरचं कातडं तसंच ठेवून झाकलं.

"पण मॅडम, व्हिडिओत तर..." साहेबांनी सुरुवात केली.

"मग व्हिडिओवाल्याला बोलवा पट्टी करायला."

पलीकडं दोन बाया पुढच्या वस्तीला चालत निघाल्या होत्या. त्यांच्या टाचा नुसत्या लाल झाल्या होत्या. सिस्टरनं त्यावर चिकटपट्टीचे तुकडे सुरकुती न पडता बसवले आणि त्यांना सांगितलं ते मी ऐकत होतो. "जिथं चुरचुरायला लागंल तिथंच थांबायचं. लाज धरायची नाही. पाय पुसायचा, वाळवायचा, वर ही पट्टी. कोरडे मोजे असले तर बदलायचे, नसले तर हायेत तेच पिळून घालायचे. प्लास्टिक गुंडाळायचं नाही, पाय आत शिजतो. आन् नवं पायताण घालून लांब चालायचं नाही, जुनंच बरं."

बावीस वर्षं. शू-हॉर्न हातात घेऊन मी हजारो टाचा बुटात सरकवल्या असतील. यातलं एक वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. लोक दुकानात येऊन म्हणायचे, मागं लागतंय हो. आम्ही त्यांना दुसरा जोड दाखवायचो.

मदतीचं सामान घेऊन आलेला टेम्पो रिकामा परत चालला होता, त्यात आम्ही बसलो. शहर जवळ आलं तशी फोनला रेंज आली. बायको त्याच दुपारी ऍडमिट झाली होती, शेजारच्या काकू सोबत. आम्ही थेट हॉस्पिटलातच गेलो. वरच्या मजल्यावर बायको, खाली कॅज्युअल्टीत सासूबाई. डॉक्टरांनी पाय बघितला, शुगर बघितली, इंजेक्शनं दिली, करंगळीकडं बघून म्हणाले, "रोज बघायला लागेल. रंग बदलला तर बोट ठेवता येणार नाही." मी वर गेलो. सह्या करायच्या कागदांबद्दल विचारलं.

बायको म्हणाली, "मी केल्या दुपारीच. तुमच्या सहीवाचून अडलं नव्हतं." मग माझ्या पायांकडं बघत, "आई कुठंय?"

मी सगळं सांगितलं. नंबरासकट. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. सकाळी तिला आत नेलं तेव्हाही माझ्याशी बोलली नाही. ऑपरेशन चांगलं झालं.

पुढचा दीड महिना आमच्या घरात दोन आजारी बायका आणि त्यांची सेवा करायला मी. मुलगी शनिवार-रविवार येऊन जायची. सकाळी वरण-भाताचा कुकर लावून मी सासूबाईंपुढं पाट घेऊन बसायचो. पट्टी करायला मी दवाखान्यात शिकून घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाय ओढून घेतला.

"लग्नात आमी तुमचं पाय धुतले. आता उलटं करताव व्हय?"

"माझं कामच आहे ते, आई. पायाशी बसायचं."

"तुमचं काम चपला घालायचं. हे सिस्टरचं काम."

"द्या इकडं."

त्यांनी पाय दिला. रोज सलाईन, रोज मलम, रोज उजेडात बोटांच्या मधे, तळव्याला, टाचेला बघायचं. कुठं लाल, कुठं गरम, कुठं पाणी. करंगळी मधे चार दिवस जांभळट झाली होती, ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. मग तिचा रंग परत आला. टाच भरून यायला पाच आठवडे लागले. माझी स्वतःची, कातडं कापलेली टाच, पंधरा दिवसांत भरली. ज्याची चूक त्याला पंधरा दिवस, जिची नाही तिला पाच आठवडे.

दुकानातून मालकांचा फोन आला होता. "दो छाले के लिए इतनी छुट्टी?" परत गेलो तेव्हा मी त्यांना तो जोड, ती करंगळी, सगळं सांगितलं. ते हसले. "सास ने वापस करने को तो नहीं बोला ना?" हा त्यांचा विनोद होता. बाकीचे सेल्समनही हसले. मी अजून तिथंच कामाला आहे. दुसरं काय येतं मला? फक्त आता मी संध्याकाळी या म्हणून सांगतो, दिवसभरात पाय थोडा सुजतो, तेव्हाचा नंबर खरा. मोजे घालून बघा म्हणतो. नंबर नसेल तर नाही म्हणतो. माझा खप उतरला आहे आणि नव्या सेल्समनला आता दुसऱ्याच्या शेजारी उभं करतात. ज्याच्या शेजारी करतात त्याला मी बघतो तेव्हा मला किळस येते, आणि ती त्याची नसते.

दिवाळी झाल्यावर सासूबाईंनी जायचं काढलं. बायकोनं त्यांना शहागंजातून कापडी बूट आणले, पुरुषांचे, सात नंबर, पुढून ऐसपैस. मला विचारलं नाही. त्यात लोकरीचे दोन मोजे घालून सासूबाई आठवडाभर घरातल्या घरात चालल्या, दर तासाला काढून बघायच्या. मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. गावचा पूल अजून झाला नव्हता, बस अलीकडंच सोडणार होती आणि पुढं कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळायचा होता. "मी येतो तिथपर्यंत," मी म्हणालो.

"कशाला? मला काय रस्ता ठाव नाय व्हय?"

त्या खिडकीपाशी बसल्या, बूट काढले, मोजे काढले, दोन्ही पाय वर घेऊन एकेक बोट दाबून बघितलं, मग पुन्हा सगळं घातलं. कंडक्टर बघत होता, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

"जा आता," त्या खिडकीतून म्हणाल्या. "गिऱ्हाईक खोळंबलं आसंल तुमचं."